मागच्या अंगाची चौकी

खडकवाडीच्या डोंगराला दोन अंगं आहेत. पुढच्या अंगाला गाव आहे, शाळा आहे, पिंपळगाव रेणुकाईकडे जाणारी सडक आहे. मागच्या अंगाला एकच घर आहे, गोजरबाईचं. घराभोवती थोडं रान, चार बकऱ्या, एक झरा आणि समोर दूरवर पसरलेला माळ. गावातून तिच्या घरी यायचं तर खिंड चढून पलीकडे उतरावं लागतं. एवढी चढण कोण कशाला चढेल? वडीगोद्रीला दिलेली तिची लेक बेबीनंदा दिवाळीला यायची. जावयाचं हायवेला टायरपंक्चरचं दुकान होतं. "आई, तिथं तू बोलतेस तरी कोणाशी? चल आमच्याकडं," असं ती दरवर्षी म्हणायची आणि गोजरबाई दरवर्षी तिला तिळाचं गाठोडं देऊन वाटेला लावायची.

वर्षातून एक दिवस मात्र माणसं तिच्या दारात यायची, आणि चालत नव्हे, पळत यायची.

तो दिवस सव्वीस जानेवारीचा. झेंडावंदन झालं की शाळेच्या मैदानातून डोंगरदौड सुटायची. तातेराव मास्तरांनी ती सुरू केली होती. पुढून चढायचं, खिंड ओलांडायची, गोजरबाईच्या दारावरून जाऊन मागची घसरण उतरायची आणि डोंगराला वळसा घालून परत मैदानात यायचं. भोकरदनकडची, हसनाबादची पोरं यायची. पोलीसभरतीची तयारी करणारी असायची, नुसती हौशीही असायची.

पहिली काही वर्षं या दौडीला नियम असे नव्हतेच. जो आधी येईल तो पहिला, एवढंच. मग एका वर्षी घसरणीवर एक पोरगा पडला. मागची पोरं त्याच्यावरून उड्या मारून पुढे गेली. खाली बक्षिसं वाटली, पेढे वाटले, आणि सगळे पांगल्यावर शाळेच्या भिंतीला एक सायकल उरली. ती सायकल कोणाची, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा कुठे सगळे डोंगराकडे धावले. पोराचा पाय मांडीतून मोडला होता. जीव वाचला, पण ती सायकल त्याला पुन्हा चालवता आली नाही.

त्यानंतर मास्तरांनी नियम केले आणि पाढ्यांसारखे ते पोरांकडून म्हणून घेतले. सुटताना जितके मोजले तितके खाली पोचल्याशिवाय बक्षीस वाटायचं नाही. दौड अर्ध्यावर सोडायला लाज नाही, पण सोडल्याचं वाटेवरच्या जवळच्या चौकीवर न सांगता घरी जाणं ही लाज. उतारावर मागून येणाऱ्यानं "वाट!" म्हणून हाक द्यायची आणि पुढच्यानं डोंगराच्या बाजूला अंग घ्यायचं, दरीच्या बाजूला नाही. पडलेल्याला टाकून जो पुढे गेला तो बाद, मग तो पहिला का येईना. आणि चौकीवरच्या माणसानं वाट बंद म्हटली की वाट बंद. का, कशाला, असं कोणी विचारायचं नाही, सरपंचांनीसुद्धा नाही.

"मास्तर, चौकीवाला चुकला तर?" एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं.

"तर त्या वर्षी आपण थोडं कमी पळू," मास्तर म्हणाले. "त्यात कोणाचं काय मोडतं?"

मागच्या अंगाच्या चौकीवर आधी गोजरबाईचा नवरा रखमाजी असायचा. तो वारला त्या वर्षी मास्तर स्वतः खिंड चढून आले आणि म्हणाले, "चौकी आता तुम्ही सांभाळा." चौकीवर प्रत्येक पळणाऱ्याच्या मनगटावर चिंधी बांधायची असे. मागून जाऊन आल्याची ती खूण होती. संक्रांतीनंतरचे दिवस होते ते. गावात घरोघर हळदीकुंकू चाललं होतं आणि तिला आता कोणी बोलावणार नव्हतं.

"माझ्या हातानं पोरं बांधून घेतील का, मास्तर?"

"गोजरबाई, तिथं पोचेपर्यंत पोरांना श्वास पुरत नाही. हात कोणाचा आहे ते कधी बघतील?"

तेव्हापासून ती चौकी तिची झाली. दरवर्षी एक जुनं लुगडं काढायचं, फाडायचं, चिंध्यांची जुडी करायची. दोन रांजण भरून ठेवायचे. आदल्या दिवशी अंगण सारवायचं. पोरं घामाघूम येत, मनगट पुढे करत. कोणी "मावशी" म्हणे, कोणी "आजी", कोणाच्या तोंडून नुसता फुसकारा निघे. सगळ्यांच्या मागून मास्तर काठी टेकत येत. शेवटचा माणूस पुढे गेला याची खात्री करणं हे त्यांचं काम. ते ओट्यावर बसत, पाणी पीत आणि म्हणत, "झालं, गोजरबाई. चौकी उठवा." ते म्हणेपर्यंत चौकी सोडायची नाही, हाही नियमच होता.

पुढे एका वर्षी दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस कोसळला. मागच्या घसरणीवरून माती वाहून खाली माळावर आली आणि तिथं पिवळा पंखा पसरावा तशी पसरली. गोजरबाईनं ती पाहिली. बकऱ्या रोज त्या उतारावर जात. पूर्वी त्यांच्या पायाखालून एखादा खडा निघे, आता धोंडे निघू लागले. कणगीच्या तळातून मूठभर ज्वारी काढली की वरची ज्वारी आपोआप खाली सरकते, तसं झालं होतं. आतली माती गेली होती आणि वरचे दगड नुसते एकमेकांना टेकून उभे होते.

जानेवारीत वाट तपासायला दरवर्षी मास्तर येत. यंदा शिवाजी आला. तो शाळेवरचा नवा खेळशिक्षक. ह्याच दौडीत तो तीनदा पहिला आला होता.

"मास्तरांचे गुडघे बिलकुल जवाब देऊन राह्यलेत, मावशी," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "जिना चढवत न्हाई, तर डोंगर कुठला? यंदा मीच शेवटचा माणूस."

"पहिला येणारा तू. शेवटून यायला जमल का?"

"बायको बी हेच म्हणती," शिवाजी हसला. चहा झाला. मग तो जरा घुटमळला. "एक सांगू का? कमिटीवाले म्हणून राह्यलेत, मागं जायाचंच कशाला? पुढच्या अंगाच्या गायमुखापस्तोर चढायचं, तिथनं मागं फिरायचं. पोरं कमी झालीत, चौकीला माणसं मिळंनात. सगळी वाळूजला कंपनीत गेली. मास्तर अडून बसले म्हणून यंदा मागनं हाय. पुढच्या साली काय व्हतंय कोणाला माहीत."

गोजरबाई कपबशी विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"बरं, वाट कशी हाय?" शिवाजी उठला. "चला, घसरण बघून येऊ."

"बघायचं काय त्यात? म्या रोज बकऱ्या घेऊन जाते तिकडं."

"मंग बराबर हाय?"

विसळलेली बशी तिनं पुन्हा विसळली.

"बराबर हाय," ती म्हणाली.

शिवाजीला गाव गाठायचं होतं. चौकीवाल्याचा शब्द म्हणजे शब्द. तो खिंडीच्या वाटेनं परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहार घेऊन घसरण साफ करायला घेतली. तिचा हिशेब सोपा होता. हलणारे दगड आपणच आधी खाली लोटून द्यायचे, म्हणजे वाट बरोबर होईल आणि आपण बोललो तेही खरं होईल. सकाळी बकऱ्या सोडायच्या आणि कामाला लागायचं. एक धोंडा पहारीनं उचकटला की तो गडगडत जायचा, माळावर पोचायचा, धूळ उडायची. बरं वाटायचं. पण त्याच्या जागी वरून दुसरा सरकून बसलेला असायचा. तो काढला की तिसरा. संध्याकाळी ती खाली उभी राहून वर बघायची तर उतार सकाळपेक्षा जास्त उघडा आणि जास्त सैल दिसायचा. हाताला फोड आले. तिनं फडकं गुंडाळलं आणि पुन्हा पहार घेतली.

दौडीच्या आदल्या दिवशी दुपारी अजमत आला. हसनाबादच्या सरदारबीचा हा पोरगा. दोनदा पोलीसभरतीत नापास झालेला आणि चारदा दौडीत शेवटचा आलेला. बाकीची पोरं मनगट पुढे करून पळून जात, अजमत मात्र बांधून झाल्यावरही थांबे. पाणी पिई, बकऱ्यांची नावं विचारी, रखमाजीची विचारपूस करत असल्यागत त्याच्या फोटोकडे बघे. शेवटच यायचं असल्यावर घाई कशाची, असं त्याचं म्हणणं होतं.

"मावशी, रस्ता बघाया आल्तो," तो दम खात म्हणाला. "यंदा शेवटचा न्हाई येणार."

"मंग?"

"शेवटून दुसरा. भोकरदनचा एक गडी गाठलाय, माझ्यापेक्षा जाड हाय."

गोजरबाई हसली. खूप दिवसांनी तिला हसू आलं होतं. "तुझी आई काय म्हणती?"

"अम्मी म्हणती, इतकं पळून राह्यलास, तर एखादी बस तरी पकडून दाखव." तो उठला. "चला, उतरून बघतो."

"नगं उतरू आता."

"का वं? उद्या तर पळायचंच हाय."

उद्या पळायचं आहे आणि आज उतरू नको, याला अर्थ काय? "हळू जाय," एवढंच ती म्हणाली.

अजमत हळू गेला नाही. कडेला जाऊन त्यानं एकदा खाली पाहिलं आणि उतारावर झोकून दिलं. अर्ध्यापर्यंत नीट गेला. मग त्याच्या पायाखालचा उतारच हलला, एखाद्यानं अंथरलेली सतरंजी ओढावी तसा. तो बुडावर आपटला आणि दगडांबरोबर घसरत निघाला. त्याच्यामागे वरून एक मोठा धोंडा सुटला. तो आधी लोळत आला, मग एका खडकावर आपटून उडाला आणि अजमतच्या डोक्याच्या उंचीवरून, त्याच्या खांद्याशेजारून पुढे निघून गेला. अजमतची तिकडे पाठ होती. त्यानं तो पाहिलाच नाही.

खाली पोचल्यावर तो उठला, चड्डी झटकली आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "मावशी! घसरगुंडी झाली! शाळेत बी इतकी चांगली न्हाई!"

तिनं नुसता हात हलवला. तो लंगडत, हसत माळावरून निघून गेला. आज तो एकटा होता. उद्या एकामागोमाग एक, ओळीनं पोरं असणार होती, आणि वरच्यानं पाय ठेवला की दगड खालच्याच्या पाठीवर जाणार होता.

त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली, पण भाकरी एकच थापली आणि तीही अर्धी टाकली. पोरांना सांगावं का, की हळू उतरा? शर्यतीत पोरं हळू उतरत नाहीत. दोन दोन करून सोडावं? मागची थांबतील कशी, त्यांचा वेळ जातो. दुसरीकडून उतरवावं? मागच्या अंगाला दुसरी उतरण नाहीच, तिथं सरळ कडा आहे. दारातूनच खिंडीनं परत फिरवावं, तर खिंड एका माणसापुरती, जाणारी-येणारी पोरं एकमेकांवर आदळणार. सगळीकडून फिरून ती त्याच जागी येत होती. वाट बंद म्हणायचं, की पोरं गायमुखावरूनच परत फिरणार. कमिटीला तेच हवं होतं. एकदा मागची वाट बंद झाली की पुढच्या साली ती उघडायला कोणी येणार नाही. आणि मग सव्वीस जानेवारी तिला इतर दिवसांसारखाच होणार.

सकाळी ती खिंडीवरच्या टेकाडावर गेली. तिथं बांबू रोवलेला होता. शाळेच्या मैदानातून तो दिसे. मास्तरांनी दोन फडकी देऊन ठेवली होती. पांढरं लावलं तर वाट खुली, तांबडं लावलं तर बंद. पांढरं दरवर्षी लावून लावून पिवळट झालं होतं. तांबड्याची घडी अजून कोरी होती, दुकानातून आणली तशीच, टोकाला कडक.

खाली मैदानात माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. झेंडा वर गेला, पोरांचं गाणं वाऱ्याबरोबर तुकड्यातुकड्यानं वर आलं. ती दोन्ही फडकी हातात धरून उभी होती. मग तिनं पांढऱ्याची घडी घातली, कमरेला खोचली आणि तांबडं बांबूला बांधलं. गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं.

खाली शिट्टी वाजली. एकदा, मग लांबवर पुन्हा एकदा. कोणीतरी तांबडं पाहिलं होतं. मुंग्यांची ओळ एका जागी गोळा झाली, थोडा वेळ तशीच राहिली आणि मग हलगीच्या आवाजात सुटली. गोजरबाई बघत राहिली. ओळ लांबत लांबत डोंगराला लागली, गायमुखापाशी पोचली. तिथल्या चौकीवर दरवर्षीचा फकरोद्दीन असणार, चिंधी तोच बांधणार. ओळीचं टोक वळलं आणि खाली निघालं. शेवटून दुसरा कोण आहे ते तिला इतक्या लांबून दिसेना.

ती टेकाडावरून उतरून घरी आली. चौकी मांडलेलीच होती. सारवलेलं अंगण, दोन भरलेले रांजण, चिंध्यांची जुडी. ती ओट्यावर बसली. दौड इकडे येणार नव्हती हे तिला ठाऊक होतं, पण एखाद्याला तांबडं दिसलं नसलं, एखादा सवयीनं चुकून खिंड ओलांडून आलाच, तर त्याला घसरणीवरून परत फिरवायला कोणीतरी हवं. शिवाय "चौकी उठवा" असं तिला अजून कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून ती बसून राहिली.

ऊन अंगणात आलं, ओट्यावर चढलं. बकऱ्या सोडल्या नव्हत्या, त्या दाव्याशी ओरडत होत्या. तिनं उठून त्यांना पाला टाकला आणि पुन्हा येऊन बसली. एकदा खिंडीत दगड वाजल्यासारखा वाटला. ती उभी राहिली. होला होता, पंख झटकून उडून गेला. रांजणातलं पाणी तिनं एकदा ढवळलं, झाकण नीट बसवलं. पलीकडची हलगी थांबून बराच वेळ झाला होता. आता बक्षिसं होत असतील. मग जेवण. मग ट्रॅक्टरमधून पोरं आपापल्या गावी.

ऊन पलीकडे कलल्यावर शिवाजी आला. घाईनं चढून आल्यानं घामानं भिजला होता.

"मावशी, माफ करा," तो दारातूनच म्हणाला. "सगळे जेवाया बसले तवा मास्तरांनी विचारलं, गोजरबाईला कोणी सांगितलं का? कोणीच न्हाई सांगितलं. मास्तर ताटावरनं उठले. जेवलेच न्हाईत अजून."

"बस. पाणी घे. लई हाय."

तो दोन तांबे पाणी प्याला. त्यानं भरलेले रांजण पाहिले, चिंध्यांची जुडी पाहिली आणि नजर दुसरीकडे वळवली.

"सगळे पोचले?" तिनं विचारलं.

"सगळे पोचले. मोजून घेतले."

"अजमत कितवा आला?"

"शेवटचा. आन् लई खूश व्हता. मला म्हणला, मावशीनं लाल लावलं ते बराबर केलं, कालच माझी चड्डी फाटली." शिवाजी हसला. मग म्हणाला, "विचारायचं न्हाई असा नियम हाय. पण त्या दिवशी तुम्ही बराबर म्हणल्या व्हत्या."

"व्हय."

"मंग?"

"तवा बी बराबर नव्हती," गोजरबाई म्हणाली. "तुम्ही यावं म्हणून म्हणले."

हातातला तांब्या शिवाजीनं ओट्यावर ठेवला, मग उगाच उचलून पुन्हा ठेवला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. बहुतेक पुढच्या सालचं काहीतरी असावं. पण खोटी आशा द्यायला तो मास्तरांकडे शिकला नव्हता.

"कमिटीनं आजच ठरवलं," तो शेवटी म्हणाला. "आता दरसाल गायमुखापस्तोरच. मास्तर बी न्हाई म्हणले न्हाईत."

"बराबर हाय. त्यांनी न्हाई म्हणायलाच नगं."

"मावशी, तुम्ही खाली चला की. मैदानात बसा मास्तरांजवळ. पोरं बांधून घेतील तिथं बी."

"बघू," ती म्हणाली. बेबीनंदालाही ती दरवर्षी असंच म्हणायची.

शिवाजी उठला. उन्हं उतरायच्या आत त्याला खिंड ओलांडायची होती. दारापर्यंत जाऊन तो थांबला, कशासाठी आलो ते आठवल्यासारखा वळला आणि मास्तरांच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न करत म्हणाला, "झालं, गोजरबाई. चौकी उठवा."

"उठवली," ती म्हणाली.

तो दिसेनासा झाल्यावर तिनं कुऱ्हाड घेतली आणि बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तोडल्या. एक एक ओढत घसरणीच्या तोंडाशी नेल्या. गुराखी पोरं कधीमधी इकडून उतरत, त्यांना तर तांबड्या-पांढऱ्या फडक्याचं काही ठाऊक नव्हतं. फांद्या तिनं आडव्या रचल्या, बुंधे आत आणि काटे बाहेर, वर दगड ठेवून दाबल्या. एका बाजूला शेळी शिरेल एवढी फट राहिली होती. अंधार पडायच्या आत तीही बुजवावी म्हणून ती आणखी एक फांदी आणायला बांधाकडे वळली.